लिनक्स डेस्कटॉपवरचं वायफाय : पासवर्ड कुठे मागावा, कुठे मागू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेने जुन्या लॅपटॉपांवर लिनक्स बसवलं आहे आणि एकेक लॅपटॉप दोघं-तिघं आलटूनपालटून वापरतात. काही लॅपटॉपांवर नवं वायफाय जोडायला गेलं की ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो. काहींवर लॉगिन झाल्याबरोबर कीरिंगचा, म्हणजे पासवर्ड साठवणाऱ्या कुलूपबंद पेटीचा, पासवर्ड मागणारी खिडकी उघडते. वैतागून एकजण म्हणतो, सगळ्यांना सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार वापरायची मुभा, देऊन टाकू. दुसऱ्याला एका फाइलीत वायफायचा पासवर्ड उघडा लिहिलेला दिसला, म्हणून त्याला वायफाय सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर काढून त्याजागी आयडब्ल्यूडी हा दुसरा कार्यक्रम टाकायचा आहे. यातलं काय करावं?

दोन्ही करू नका. सुडोने प्रश्न सुटत नाही, तो वाढतो. आयडब्ल्यूडी टाकलं तरी पासवर्ड फाइलीतच राहणार आहे. लिनक्सची यंत्रं सांभाळता सांभाळता माझं एक मत पक्कं झालं आहे: लिनक्स डेस्कटॉप धोका कमी असतो तिथे पासवर्ड मागत बसतो आणि खरा धोका असतो तिथे एक शब्दही न विचारता जोडून मोकळा होतो. तुमच्या दोघांच्याही तक्रारी पहिल्या भागातल्या आहेत. मला जास्त काळजी दुसऱ्या भागाची वाटते, पण आधी तुमचं दुखणं पाहू.

राउटरशी किल्ल्यांची देवाणघेवाण करण्याचं काम बहुतेक डिस्ट्रोंमध्ये (फेडोरा, डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांत) डब्ल्यूपीए सप्लिकंट हा कार्यक्रम करतो. त्याच्या वर नेटवर्कमॅनेजर असतो. रेड हॅटने २००४ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आता जवळपास सगळ्या मोठ्या डेस्कटॉपांवर आहे. पॅनेलवरचं वायफायचं चिन्ह हे नेटवर्कमॅनेजरशी डी-बसवरून, म्हणजे कार्यक्रमांच्या आपसातल्या निरोपमार्गावरून, बोलणारं एक तोंड आहे, त्याच्याकडे स्वतःचे अधिकार नसतात. कोणाला काय करू द्यायचं हे पोलकिट ठरवतो, आणि तुमच्यासमोर जी ॲडमिन पासवर्डची खिडकी येते ती त्याच्याकडून येते.

पोलकिटच्या नियमांत वायफायपुरते दोन वेगळे अधिकार आहेत आणि तुमच्या प्रश्नाची मेख तिथेच आहे. एक, सगळ्या यंत्रासाठी लागू असणारं कनेक्शन बनवणं किंवा बदलणं. दुसरा, फक्त स्वतःपुरतं कनेक्शन बनवणं. यंत्रासमोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला दुसरा अधिकार साधारणपणे मिळालेलाच असतो. पहिला मात्र डिस्ट्रोगणिक बदलतो. फेडोरा समोर बसलेल्या वापरकर्त्याला तोही देऊन टाकतं. डेबियनमध्ये तो सुडो किंवा नेटडेव्ह या गटातल्यांना मिळतो, बाकीच्यांना ॲडमिनचा पासवर्ड विचारला जातो. म्हणूनच तुमच्या काही लॅपटॉपांवर खिडकी येते आणि काहींवर येत नाही.

हा वाद जुना आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ओपनसुसे या डिस्ट्रोवर जाहीर टीका केली होती, कारण तिथे नवं वायफाय जोडायला किंवा टाइमझोन बदलायलाही रूटचा, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड लागत होता, आणि त्यांच्या मुलीला शाळेतला प्रिंटर जोडता येत नव्हता. भाषा शिवराळ होती, पण मुद्दा खरा होता. वायफाय जोडणं हे लॅपटॉप वापरणाऱ्याचं रोजचं काम आहे. त्यासाठी रूटचा पासवर्ड मागितला की तो पासवर्ड सगळ्यांना सांगितला जातो, कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवला जातो, किंवा तुमच्याकडे निघालाय तसा सुडो वाटण्याचा प्रस्ताव निघतो. म्हणजे ज्या कुलपाने रूटचा अधिकार राखायचा, तेच तो वाटायला कारण होतं.

मग फेडोरासारखा पहिला अधिकार सरसकट द्यावा का? एकट्याचा लॅपटॉप असेल तर खुशाल. तुमच्यासारख्या सामायिक यंत्रांवर थोडं थांबा. सिस्टिमभरची कनेक्शनं बदलता येणाऱ्याला त्यांचे साठवलेले पासवर्डही वाचता येतात. नेटवर्कमॅनेजर गुपित देताना हाच अधिकार तपासतो. शिवाय अशा माणसाला दुसऱ्याच्या वापरातल्या कनेक्शनचा डीएनएस, म्हणजे वेबसाइटचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदलता येतो. एकाच लॅपटॉपवर तिघं बसत असतील तर यातलं कुठलंच त्यांना द्यायचं कारण नाही.

तुमच्यासाठी मी असं करीन. संस्थेच्या मुख्य वायफायचं कनेक्शन ॲडमिनने एकदाच सगळ्या यंत्रासाठी बनवून ठेवावं. वापरणाऱ्यांना त्यात हात घालता येऊ नये. बाहेर कुठे जोडायचं असेल तर ज्याने-त्याने स्वतःपुरतं कनेक्शन करावं. त्याला ॲडमिन लागत नाही, आणि ते दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये दिसतही नाही. काही डेस्कटॉपांची खिडकी मुळातच सगळ्यांसाठीचं कनेक्शन बनवायला जाते आणि म्हणून पासवर्ड मागते. तिथे कनेक्शनच्या तपशिलात 'इतर वापरकर्त्यांनाही उपलब्ध' अशा अर्थाची टिक असते, ती काढली की काम होतं. पोलकिटचा नियम लिहायची वेळ आलीच, तर तो नव्या जावास्क्रिप्ट पद्धतीच्या नियम-फाइलीत लिहा. जुन्या पीकेएलए फाइली नव्या पोलकिटमध्ये आपोआप वाचल्या जात नाहीत, आणि नियम लिहूनही काही होत नाही म्हणून लोक तासन्‌तास डोकं खाजवत बसतात.

आता तो उघडा पासवर्ड. ईटीसी फोल्डरमध्ये नेटवर्कमॅनेजरचं फोल्डर आहे, त्यात सिस्टिम-कनेक्शन्स नावाचं आणखी एक. तिथे प्रत्येक वायफायची एक साधी मजकूर-फाइल असते आणि त्यात पीएसके या शब्दापुढे तुमचा पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला दिसतो. नव्या उबुंटूत हीच माहिती नेटप्लॅन या दुसऱ्या साधनाच्या फाइलींत गेली आहे. पहिल्यांदा पाहिलं की धक्का बसतो हे खरं. पण त्या फाइलीचा मालक रूट असतो आणि परवानगी ६००, म्हणजे रूटखेरीज कोणालाही ती वाचता येत नाही. नेटवर्कमॅनेजर याबाबतीत इतका काटेकोर आहे की परवानगी सैल केलेली फाइल तो वाचतच नाही, सरळ बाजूला टाकतो. एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल नेल्यावर कनेक्शन यादीत दिसत नसेल तर आधी हेच तपासा.

मग ही फाइल कोणाला सापडू शकते? ज्याच्याकडे रूट आहे त्याला, आणि लॅपटॉप चोरून त्याची डिस्क दुसऱ्या यंत्राला लावणाऱ्याला. पहिल्याला अडवून उपयोग नाही, तो वाटेल ते करू शकतो. दुसऱ्यावर उपाय म्हणजे सगळी डिस्क एन्क्रिप्ट करणं. इन्स्टॉल करताना लक्स या एन्क्रिप्शनचा पर्याय निवडला की वायफायच्या पासवर्डासकट सगळं झाकलं जातं. लॅपटॉप बाहेर जाणारे असतील तर हे आधी करा. चोराच्या हाती वायफायचा पासवर्ड लागण्यापेक्षा तुमची कागदपत्रं लागणं कितीतरी वाईट आहे.

पासवर्ड फाइलीत नकोच असेल तर नेटवर्कमॅनेजरमध्ये प्रत्येक गुपितासोबत एक आकडा असतो. ० असेल तर पासवर्ड सिस्टिमकडे, म्हणजे त्या फाइलीत. १ असेल तर वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये, किंवा केडीई या डेस्कटॉपच्या केवॉलेट नावाच्या तशाच पेटीमध्ये. २ असेल तर कुठेच नाही, दर वेळी विचारायचा. केडीईमध्ये हेच पर्याय 'फक्त या वापरकर्त्यासाठी, एन्क्रिप्ट करून' आणि 'सगळ्यांसाठी, एन्क्रिप्ट न करता' अशा शब्दांत दिसतात. 'एन्क्रिप्ट न करता' वाचून माणूस घाबरतो आणि पहिला पर्याय निवडतो. तुमची कीरिंगची खिडकी नेमकी इथून येते.

कीरिंग उघडते ती लॉगिनच्या पासवर्डाने. तुम्ही पासवर्ड टाइप करून आत आलात की ती त्याच पासवर्डाने आपोआप उघडते. पण ऑटो-लॉगिन चालू असेल किंवा बोट टेकवून लॉगिन केलं असेल तर पासवर्ड टाइपच झालेला नसतो. कीरिंग बंद राहते. वायफायचा पासवर्ड तिच्या आत, म्हणून पडदा उजळताच खिडकी पुढे येते. लोक यावर जो उपाय शोधून काढतात तो भयंकर आहे: कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवायचा. खिडकी बंद होते, पण त्या कीरिंगमध्ये वायफाय एकटं नसतं. मेलचे पासवर्ड असतात, ब्राउझरने साठवलेल्या पासवर्डांची किल्ली असते. एका वायफायच्या पासवर्डापायी हे सगळं उघडं पडतं. त्यापेक्षा वायफायचं गुपित सिस्टिमकडे द्या, आकडा ०, आणि कीरिंगला तिचा पासवर्ड राहू द्या. घरच्या किंवा संस्थेच्या साध्या वायफायसाठी हेच योग्य आहे. लॉगिनच्या आधीच नेटवर्क जोडलं जातं हा वर फायदा.

दुसरी एक खिडकी याहून जास्त छळते. पासवर्ड बरोबर असतो, काल जोडलेलं असतं, आणि आज अचानक तीच पासवर्डाची चौकट पुन्हा समोर येते. सिग्नल कमकुवत असला किंवा राउटर गडबडला की किल्ल्यांची चार पायऱ्यांची देवाणघेवाण मध्येच तुटते. ती का तुटली हे सप्लिकंटला खात्रीने कळत नाही, तो 'किल्ली चुकली असावी' असा अंदाज बांधतो आणि नेटवर्कमॅनेजर पुन्हा पासवर्ड मागतो. माणूस बिचारा तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करतो, मग चुकीचा टाइप करतो आणि तो साठवलाही जातो. अशा वेळी चौकट रद्द करा, थोडं राउटरजवळ जा, यादीतून पुन्हा जोडा. तरीही झालं नाही तर जर्नलसीटीएल या आज्ञेने नेटवर्कमॅनेजरच्या नोंदी पाहा. माझा खरा आक्षेप पुढचा आहे: विनाकारण येणाऱ्या या चौकटींमुळे माणसाला समोर येईल त्या खिडकीत पासवर्ड टाकायची सवय लागते. मग खोटी खिडकी आली तरी तो टाकतोच.

आता जिथे डेस्कटॉप गप्प राहतो तिथे येऊ. विद्यापीठं, मोठी कार्यालयं आणि जगभरच्या कॅम्पसांवर चालणारं एज्युरोम यांत सगळ्यांना एकच पासवर्ड नसतो, प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड असतो. लिनक्सवर असं नेटवर्क निवडलं की एक लांबलचक चौकट उघडते. ऑथेंटिकेशन, अनामिक ओळख, डोमेन, सीए सर्टिफिकेट, आतली पद्धत (पासवर्ड कसा पाठवायचा), नाव, पासवर्ड. सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हर खरा आहे का हे तपासायच्या दाखल्याची, फाइल कुठून आणायची हे कोणी सांगितलेलं नसतं. चौकट ती फाइल दिल्याखेरीज 'जोडा'चं बटण उजळू देत नाही, आणि शेजारीच 'सीए सर्टिफिकेटची गरज नाही' अशी एक टिक असते. ती टिक केली की बटण उजळतं, वायफाय जोडलं जातं, काम झालं. मदतीची कितीतरी पानं हीच टिक करायला सांगतात.

त्या टिकेचा अर्थ असा: समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही हे मी पाहणार नाही. सप्लिकंटला सर्टिफिकेट दिलं नाही तर तो पडताळणी करतच नाही, इशाराही देत नाही. मग कोणीही त्याच नावाचं वायफाय उभं करून जवळपास बसावं. तुमचा लॅपटॉप बॅगेतून बाहेर काढल्याबरोबर त्याला जोडायला जातो आणि तुमची ओळख त्याच्या हाती ठेवतो. आतली पद्धत साधा पासवर्ड पाठवणारी असेल तर पासवर्ड तसाच मिळतो. एमएसचॅपव्ही२ ही पद्धत असेल तर पासवर्डाऐवजी आव्हान आणि उत्तर मिळतं, आणि ते फोडणं म्हणजे डीईएस या जुन्या, कमकुवत एन्क्रिप्शनची एकच किल्ली शोधण्याइतकं काम आहे हे २०१२ मध्येच दाखवून झालं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सप्लिकंटमधला आणखी एक दोष जाहीर झाला, नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२३-५२१६०. त्यात पीईएपी ही लॉगिनची पद्धत वापरणारा लॅपटॉप पासवर्डाची पायरी वगळूनच खोट्या वायफायला जोडला जायचा. तोही सर्टिफिकेट न तपासणाऱ्यांनाच लागू होता. हरवणारा पासवर्ड बहुधा फक्त वायफायचा नसतो, त्यानेच मेल आणि फाइली उघडतात.

म्हणून इथे कितीही कंटाळा आला तरी सर्टिफिकेट द्या. आणि नुसतं 'सिस्टिमची सर्टिफिकेटं वापरा' एवढ्यावर थांबू नका. तसं केलं तर जगातल्या कुठल्याही मान्य संस्थेकडून कोणीही घेतलेलं सर्टिफिकेट चालून जातं. डोमेनच्या रकान्यात सर्व्हरचं खरं डोमेन भरलंत तरच पडताळणीला अर्थ येतो. एज्युरोमसाठी तर हाताने काही भरूच नका. त्यांच्या कॅट या सेवेतून तुमच्या संस्थेची लिनक्सची स्क्रिप्ट मिळते, ती चालवली की सर्टिफिकेट आणि डोमेन दोन्ही नेटवर्कमॅनेजरमध्ये नीट बसतात. आणि अशा कनेक्शनचा पासवर्ड मात्र फाइलीत ठेवू नका, आकडा १ वापरून ज्याच्या-त्याच्या कीरिंगमध्ये ठेवा, कारण तो एका माणसाचा आहे, यंत्राचा नाही.

आयडब्ल्यूडीबद्दल आता बोलतो. इंटेलने लिहिलेला हा कार्यक्रम सुटसुटीत आहे, चटकन जोडतो, आणि नेटवर्कमॅनेजर न काढता त्याच्या खाली सप्लिकंटच्या जागी बसवता येतो. घरच्या साध्या वायफायसाठी मला तो आवडतो. पण वर सांगितलेल्या संस्थांच्या वायफायसाठी त्याला फाइल हाताने लिहून द्यावी लागते, पॅनेलवरच्या चौकटीतून ते होत नाही. सामायिक लॅपटॉपांवर तुम्ही ते कोणाकोणाला शिकवणार? आणि पासवर्ड तोही स्वतःच्या फोल्डरात, रूटने झाकलेल्या फाइलीतच ठेवतो.

साध्या वायफायचं म्हणाल तर डब्ल्यूपीए२ या नेहमीच्या वायफाय-सुरक्षेमध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण हवेतून टिपून घेता येते आणि नंतर निवांतपणे पासवर्डांचे अंदाज लावत बसता येतं. लांब पासवर्ड हाच त्यावर उपाय, मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे, ती वापरा. त्यापुढच्या डब्ल्यूपीए३ मध्ये ही सोय हल्लेखोराला मिळत नाही. राउटर आणि सगळी यंत्रं डब्ल्यूपीए३ झेपणारी असतील तर नेटवर्कमॅनेजरमध्ये सुरक्षेचा प्रकार स्पष्ट 'डब्ल्यूपीए३ पर्सनल' करा. नुसता जुना प्रकार ठेवला तर लॅपटॉप दोन्हींना तयार असतो, आणि त्याच नावाचं डब्ल्यूपीए२ वायफाय कोणी उभं केलं तर तिकडेही जाऊ पाहतो.

टर्मिनलवरून जोडणाऱ्यांनी एनएमसीएलआय या नेटवर्कमॅनेजरच्या आज्ञेला पासवर्ड त्याच ओळीत देऊ नये. तो शेलच्या (दिलेल्या आज्ञांच्या) इतिहासात राहतो आणि चालू असताना प्रोसेसच्या यादीतही दिसू शकतो. आस्क हा पर्याय दिला की तो वेगळा विचारतो.

उघड्या, बिनपासवर्डाच्या वायफायला जोडल्यावर त्या कनेक्शनचं 'आपोआप जोडा' लगेच बंद करा. नाहीतर त्या नावाचं कुठलंही वायफाय तुमच्या लॅपटॉपला ओढून घेऊ शकतं. त्याच वेळी फायरवॉलचा झोनही, म्हणजे बाहेरून काय आत येऊ द्यायचं याचा नियमसंचही, बदला, कारण इथेही डेस्कटॉप काही विचारत नाही. फेडोरा वर्कस्टेशनच्या मूळ झोनमध्ये १०२५ पासून ६५५३५ पर्यंतची सगळी पोर्टं (बाहेरून आत यायची दारं) उघडी असतात. उबुंटूत यूएफडब्ल्यू हे फायरवॉल असतं, पण बंद. घरात ठीक आहे, बाहेर नाही. फायरवॉलडी हे फायरवॉल असेल तर प्रत्येक कनेक्शनला वेगळा झोन देता येतो: बाहेरच्या वायफायला 'पब्लिक', घरच्याला मूळचा. एकदा ठरवलं की नेटवर्कमॅनेजर जोडताना तो झोन लावतो. ही सोय इतकी चांगली आहे आणि इतक्या आत दडलेली आहे की पॅनेलवरच 'हे घरचं की बाहेरचं' असा एक प्रश्न यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

वायफायचं नाव लपवून सुरक्षा येत नाही. उलट लपवलेलं नाव जतन केलेला लॅपटॉप जाईल तिथे ते नाव पुकारत फिरतो. मॅक पत्त्याची, म्हणजे यंत्राच्या वायफाय कार्डाच्या क्रमांकाची, यादी करून राउटरवर अडवणंही तसंच. मॅक पत्ता हवेतून उघडा जातो, कोणीही त्याची नक्कल करतो. शिवाय आता त्याचा त्रासच जास्त. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या फेडोरा ४० पासून प्रत्येक वायफायला वेगळा पण कायम राहणारा मॅक पत्ता दिला जातो, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी तुमचा माग काढता येत नाही. अपग्रेड केल्यावर जुन्या यादीने लॅपटॉप अडवला तर कारण हेच. त्या एका कनेक्शनपुरता मूळचा पत्ता निवडा, सगळीकडे बदल फिरवू नका.

हे सगळं लावून झाल्यावर संस्थेच्या वायफायची एक चाचणी जरूर घ्या. डोमेनच्या रकान्यात मुद्दाम चुकीचं नाव भरा आणि जोडून पाहा. कनेक्शन नाकारलं गेलं पाहिजे. ते जोडलं गेलं, तर सर्टिफिकेटची फाइल दिसते तिथे असली तरी पडताळणी चालू नाही. नाकारलं गेलं की खरं डोमेन परत भरा, आणि मगच ते कनेक्शन बाकीच्या लॅपटॉपांवर चढवा.